पोर्तुगालचा राजा दिनिश आणि आजचा 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याच्या इतिहासाबद्दल बोलणं निघालं की कुठेतरी पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवरचा तो लाल क्रॉस येतोच, आणि मग एकामागून एक तेच प्रश्न येतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

हा राजा दिनिश कोण? गोव्याच्या इतिहासात याचं नाव कधी ऐकलं नाही.

ऐकलं नसणारच, कारण पोर्तुगीज आपल्याकडे यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी तो वारला होता. जन्म १२६१, गादीवर बसला १२७९ मध्ये, मृत्यू १३२५. म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादवांचं राज्य होतं, ज्ञानेश्वरी सांगितली जात होती, तेव्हा तिकडे पोर्तुगालमध्ये हा राजा होता. त्याला लोक 'ओ लाव्रादोर' म्हणतात, म्हणजे शेतकरी राजा, कारण शेती, जमीन, गावं वसवणं यावर त्याचं फार लक्ष होतं, लैरियाचं प्रसिद्ध पाइन जंगल लावण्याचं श्रेयही लोक त्यालाच देतात (खरं तर सुरुवात त्याच्या वडिलांच्या काळात झाली होती, त्याने ते वाढवलं). १२९० मध्ये त्याने विद्यापीठ काढलं जे पुढे कोइंब्राला गेलं. राज्याच्या कागदपत्रांत लॅटिनच्या जागी पोर्तुगीज भाषा आणली. आणि स्वतः कवी होता, त्याच्या नावावर १३७ गीतं आहेत. त्याची बायको इझाबेल पुढे संत म्हणून जाहीर झाली, १६२५ मध्ये. मला स्वतःला हा राजा फार आवडतो, लढाया मारणारे राजे ढीगभर सापडतात, पण कागद, जमीन आणि भाषा यांच्याकडे एवढं लक्ष देणारा विरळाच.

मग याचा आजच्या सरकारी सन्मानाशी काय संबंध?

पोर्तुगालमधली राजेशाही १९१० मध्ये गेली. आज तिथे लोकशाही आहे, निवडून आलेला राष्ट्रपती आहे. आणि हा राष्ट्रपती जे राष्ट्रीय सन्मान देतो त्यातला एक म्हणजे 'मिलिटरी ऑर्डर ऑफ क्राइस्ट' (ऑर्डर म्हणजे तेव्हा योद्ध्यांची धार्मिक संघटना, आता एक सन्मान), जी दिनिश राजाने पोपकडून मंजुरी मिळवून १३१९ मध्ये सुरू करून घेतली. म्हणजे आपल्याकडच्या पद्म पुरस्कारांसारख्या सन्मानाची मुळं सातशे वर्षांपूर्वीच्या एका जमिनीच्या भांडणात आहेत. हो, जमिनीच्याच. पदक, क्रॉस, लाल रिबीन हे सगळं नंतरचं, मूळ प्रकरण इस्टेटीचं आहे आणि ते समजलं की बाकी सगळं आपोआप समजतं.

जमिनीचं काय भांडण? जरा सविस्तर सांगा.

हे सविस्तरच सांगायला हवं.

टेम्पलर नावाचे योद्धे-संन्यासी होते, म्हणजे भिक्षूसारखी शपथ घेतलेले पण तलवार चालवणारे. जेरुसलेमच्या धर्मयुद्धांतून ही संघटना निघाली आणि पोर्तुगालमध्ये ते ११२८ पासूनच होते. तिथे मुसलमान राज्यांशी लढाया चालू होत्या, त्यात त्यांनी राजांना मदत केली आणि बदल्यात त्यांना किल्ले, गावं, शेतजमिनी मिळत गेल्या, आपल्याकडे वतनं आणि इनामं मिळायची अगदी तसंच. तोमारचा किल्ला त्यांनी ११६० मध्ये बांधायला घेतला. दीडशे वर्षांत त्यांच्याकडे देशाचा मोठा तुकडा जमा झाला.

मग १३ ऑक्टोबर १३०७ ला, शुक्रवारी, फ्रान्सचा राजा फिलिप चौथा याने आपल्या राज्यातले सगळे टेम्पलर एकदम अटक केले. पाखंडी आहेत, देवाचा अपमान करतात असे आरोप, छळ करून घेतलेले कबुलीजबाब, आणि मागचं कारण म्हणजे त्यांची संपत्ती, राजावर त्यांचं कर्जही होतं. पोप क्लेमेंट पाचवा याच्यावर दबाव आला आणि १३१२ मध्ये त्याने संघटनाच बरखास्त केली. आणि म्हणाला की यांची सगळी मालमत्ता हॉस्पिटलर नावाच्या दुसऱ्या योद्धा-संघटनेला जाईल.

दिनिशसाठी ही मोठी अडचण होती. एक तर आपल्या राज्यातल्या टेम्पलरांवरचे आरोप त्याला पटलेले नव्हते. आणि दुसरं, देशातले इतके किल्ले आणि इतकी जमीन एका परदेशातून चालणाऱ्या संघटनेच्या हातात गेली तर राजाच्या हातात उरलं काय? म्हणून त्याने काय केलं तर कोर्टाचा मार्ग धरला. या जमिनी आमच्या पूर्वजांनी राजसेवेसाठी दिल्या होत्या, ती सेवा संपली तर जमीन राजाकडे परत यायला हवी, असा दावा करून त्याने त्या राजाच्या ताब्यात घेतल्या. पोपनेही स्पेन-पोर्तुगालकडच्या राज्यांना हॉस्पिटलरच्या हुकमातून वगळलं होतं, पण शेवटचा निर्णय दिला नव्हता. सात वर्षं घोंगडं भिजत पडलं. शेवटी नवा पोप जॉन बाविसावा याच्याकडे दिनिशचे दूत गेले, तेव्हा पोप राहायचा त्या आविन्योंला, आणि त्यांनी सांगितलं की आमचा दक्षिण किनारा उघडा आहे, समुद्रापलीकडून हल्ल्याची भीती आहे, आम्हाला तिथे उभं राहणारी नवी संघटना द्या आणि टेम्पलरांची मालमत्ता तिलाच द्या.

१४ मार्च १३१९ ला पोपचा हुकूम निघाला. नवीन संघटनेचं नाव 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट'. मुख्य ठाणं दक्षिण किनाऱ्यावरच्या अल्गार्व्हमधलं कास्त्रो मारीं, अगदी ग्वादियाना नदीच्या मुखाजवळ. पहिला प्रमुख जिल मार्तिन्श, जो आधी आव्हिश नावाच्या दुसऱ्या योद्धा-संघटनेचा प्रमुख होता. जुने बरेच टेम्पलर या नव्या संघटनेत आले. हॉस्पिटलरांच्या तोंडाला पानं पुसली गेली, आणि फ्रान्समध्ये टेम्पलरांचा प्रमुख झाक द मोले १३१४ मध्ये जिवंत जाळला गेलेला असताना इकडे त्याच लोकांना नवीन नावाखाली घर मिळालं.

म्हणजे फक्त पाटी बदलली, आत सगळं तेच?

अर्धं खरं. माणसं, किल्ले, जमिनी, लाल क्रॉस हे तेच, पुढे १३५७ च्या सुमारास मुख्य ठाणंसुद्धा परत तोमारलाच गेलं, म्हणजे टेम्पलरांच्या जुन्या घरी. पण एक गोष्ट बदलली आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. टेम्पलर फक्त पोपला बांधील होते, राजाच्या हुकमाबाहेर. नवीन ऑर्डर मात्र देशाची होती, तिच्या प्रमुखाला राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागायची. आज पोर्तुगालचा राष्ट्रपती या ऑर्डरचा ग्रँड मास्टर असतो त्याचं बीज इथे आहे. पुढे १५५१ मध्ये पोपने या ऑर्डरचं, आणि सोबत आव्हिश व सांतियागो या दोन ऑर्डरचं प्रमुखपद कायमचं राजाकडे देऊन टाकलं आणि राजा गेल्यावर ते राष्ट्रपतीकडे आलं.

सांतियागोशीही दिनिशचा संबंध आहे असं वाचलं, ते काय?

आहे, आणि हे लोकांना फारसं माहीत नसतं. सांतियागोची ऑर्डर मूळची कॅस्टिलची, तिचे पोर्तुगालमधले सरदारही कॅस्टिलच्या प्रमुखाचं ऐकायचे, म्हणजे शेजारच्या देशाचं. दिनिशच्या काळात, १२८८ मध्ये, पोपकडून परवानगी आली की पोर्तुगीज सरदारांनी आपला वेगळा प्रमुख निवडावा. वाद पुढे बरीच वर्षं चालला पण सुरुवात तिथे झाली. म्हणून आजच्या सन्मानांपैकी दोन ऑर्डर अशा आहेत की ज्यांच्या 'पोर्तुगीज' असण्यामागे हाच राजा आहे. १२९७ मध्ये अल्कान्यीसेसचा तह करून त्याने कॅस्टिलबरोबरची सीमा ठरवली, आणि ती थोड्याफार फरकाने आजही तशीच आहे. देशाची हद्द आणि देशातल्या संघटनांची हद्द, दोन्ही एकाच माणसाने आखली असं म्हणायला हरकत नाही.

शेतकरी राजा, मग समुद्राशी संबंध कसा आला?

दिनिशनेच १३१७ मध्ये जेनोआहून मानुएल पेसान्या नावाचा दर्यावर्दी आणून त्याला आपल्या आरमाराचा प्रमुख केला. दोन वर्षांनी ऑर्डर ऑफ क्राइस्ट. त्याच्या डोक्यात भारत वगैरे काही नव्हतं हे उघड आहे, त्याला किनारा सांभाळायचा होता. पण १४२० मध्ये राजपुत्र हेन्री या ऑर्डरचा प्रशासक झाला आणि तिच्या जमिनींचं उत्पन्न आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सफरींना मिळू लागलं. जो मानुएल राजा वास्को द गामाला पाठवतो तो स्वतः राजा व्हायच्या आधी या ऑर्डरचा प्रमुख होता. शिडांवर तो लाल क्रॉस रंगवलेला असायचा तो या ऑर्डरचा. म्हणजे दिनिशने वाचवलेल्या शेतांच्या खंडाच्या पैशातून जहाजं निघाली.

वास्को द गामाबद्दल एक तपशील सांगतो, तो आधी सांतियागोचा सरदार होता. सिनेश गावावरून त्याचं सांतियागोवाल्यांशी बिनसलं, १५०७ मध्ये तो ऑर्डर ऑफ क्राइस्टमध्ये आला.

गोव्याशी थेट संबंध आहे का की फक्त शिडावरचा क्रॉस?

थेट आहे. १४५६ मध्ये पोपने नव्या प्रदेशांतल्या चर्चचा कारभार या ऑर्डरकडे दिला होता. त्यामुळे १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा गोव्यातल्या चर्चचा वरचा अधिकार कागदोपत्री तोमारच्या 'व्हिकर'कडे, म्हणजे तिथल्या मुख्य पाद्र्याकडे होता, हजारो मैलांवरच्या एका छोट्या गावात. १५१४ मध्ये मदेइरा बेटावर फुंशालला बिशप आला तेव्हा तो अधिकार तिकडे गेला, आणि १५३४ मध्ये गोव्याचं स्वतःचं बिशपपीठ झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे 'आबितु', ऑर्डरचा सरदार म्हणून मिळणारा झगा आणि क्रॉस. भारतात वीस-वीस वर्षं नोकरी केलेले पोर्तुगीज सैनिक राजाकडे अर्ज करायचे की इतक्या लढाया लढलो, इतक्या जखमा झाल्या, मला ऑर्डर ऑफ क्राइस्टचा आबितु आणि त्यासोबतचं पेन्शन द्या. पण १५७० पासून नियम कडक होते. आई-वडील आणि आजी-आजोबांपर्यंत चौकशी व्हायची, रक्तात ज्यू किंवा मुसलमान वंश नाही ना, घरात कोणी हाताने काम करून पोट भरणारं नाही ना. सुतार, लोहार, शिंपी यांची नातवंडं यात अडकायची, सूट मिळवता यायची पण सहज नाही. हे वाचताना मला फार अस्वस्थ व्हायला होतं, कारण 'हाताने काम केलं म्हणून कमीपणा' ही गोष्ट आपल्याला बाहेरून शिकायची गरज नव्हती, आणि ज्या ऑर्डरचा पाया शेतकरी राजाने घातला तिच्यातच ही अट यावी याचं वाईट वाटतं.

आज हा सन्मान कुणाला मिळतो?

आता तो धार्मिक राहिलेला नाही, सरदारकी नाही, जमीन नाही. पोर्तुगालचा २०११ चा सन्मानांचा कायदा आहे, त्यानुसार ऑर्डर ऑफ क्राइस्ट ही राज्यकारभारातल्या मोठ्या पदांवरची सेवा, परराष्ट्र सेवा, न्यायव्यवस्था आणि प्रशासन यातल्या विशेष कामासाठी असते. आव्हिश ही सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठी. सांतियागो ही साहित्य, विज्ञान आणि कला यासाठी, लेखक जुझे सारामागुला १९९८ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा तिचाच सगळ्यात वरचा ग्रँड कॉलर मिळाला. या तिघींच्याही वर 'टॉवर अँड स्वोर्ड' नावाची ऑर्डर आहे, तीही जुन्या मिलिटरी ऑर्डरमध्येच धरतात.

ग्रँड कॉलरच्या खालचे नेहमीचे दर्जे वरून खाली सांगायचं तर ग्रँड क्रॉस, ग्रँड ऑफिसर, कमांडर, ऑफिसर आणि नाइट, बाईंसाठी डेम. परदेशी लोकांनाही देतात. निर्णय राष्ट्रपतीचा, १० जूनला म्हणजे पोर्तुगाल दिनाला बरेच सन्मान दिले जातात. आणि मुद्दाम केलेल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांहून जास्त तुरुंगवासाची शिक्षा झाली तर सन्मान जातो.

रोनाल्डोला ऑर्डर ऑफ क्राइस्ट मिळाली आहे का? हा प्रश्न फारच येतो!

खेळाडूंना साधारणपणे दुसरी ऑर्डर देतात. रोनाल्डोला जानेवारी २०१४ मध्ये मिळाली ती राजपुत्र हेन्रीच्या नावाची, ग्रँड ऑफिसर दर्जाची, ती ऑर्डर १९६० मध्ये सुरू झालेली. पण मजा बघा, त्याच्या छातीवर दिनिशच्या ऑर्डरचा क्रॉस कायम होताच, पोर्तुगालच्या फुटबॉल टीमच्या चिन्हात तोच क्रॉस आहे. त्यांच्या हवाई दलाच्या विमानांवरही तोच.

प्रजासत्ताक आलं तेव्हा हे सगळं बंद केलं नव्हतं का?

केलं होतं. त्याच्याही आधी १७८९ मध्ये राणी मारिया पहिली हिने ऑर्डरचं धार्मिक रूप काढून टाकलं, १८३४ मध्ये मठ बंद झाले आणि जमिनी गेल्या, उरला तो फक्त मान. मग ऑक्टोबर १९१० मध्ये राजेशाही पडली आणि नवीन सरकारने टॉवर अँड स्वोर्ड सोडून बाकीच्या जुन्या ऑर्डर रद्द केल्या. पण पहिल्या महायुद्धाच्या काळात लक्षात आलं की सैनिकांना, अधिकाऱ्यांना, परदेशी पाहुण्यांना द्यायला काहीतरी लागतं, आणि १९१७-१८ मध्ये त्या परत आणल्या.

म्हणून कोणी म्हणालं की '७०० वर्षांची अखंड परंपरा' तर ते मला पटत नाही. मधे तुटलेली आहे, आणि दोन-तीनदा आतून पूर्ण बदललेली आहे. खरी जोडणी एकच, सन्मान कुणाला द्यायचा हे देश ठरवणार, बाहेरचा कोणी नाही. ते दिनिशचं.

राष्ट्रपतींच्या फोटोत ती तीन रंगांची पट्टी असते ती काय?

ती 'तीन ऑर्डरची पट्टी', मारिया राणीच्या १७८९ च्या सुधारणांमधली. लाल रंग क्राइस्टचा, हिरवा आव्हिशचा, जांभळा सांतियागोचा. आता फक्त राष्ट्रपतीच ती घालू शकतो. जांभळा आणि लाल, तीनपैकी दोन रंगांमागे दिनिशचा हात आहे.

व्हॅटिकनचीही 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' आहे ना? ती वेगळी की एकच?

वेगळी, पण मूळ एकच सांगतात, १३१९ चाच हुकूम. पोपची ती शाखा फार वरच्या दर्जाची, आणि १९८७ नंतर कुणालाही दिलेली नाही. ब्राझीलचीही होती, तिकडचं साम्राज्य संपल्यावर तीही संपली.

आपल्या पद्म पुरस्कारांशी तुलना करता येईल का?

थोडीशी. आपण उलट्या बाजूने आलो. आपल्या घटनेच्या १८ व्या कलमाने किताबच बंद केले, रावबहादूर, रावसाहेब, सर हे सगळं, आणि मग १९५४ मध्ये भारतरत्न आणि पद्म सुरू झाले तेव्हा हे किताब नाहीत असं धरलं गेलं. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये तेच सांगितलं, पण नावाच्या आधी-नंतर लावायचे नाहीत ही अट स्पष्ट केली. पोर्तुगालने जुन्या वस्तूतला राजा काढला आणि वस्तू ठेवली, आपण वस्तूच नवीन केली. ज्या देशावर परक्या राजाचं राज्य होतं त्याला जुने किताब जवळचे वाटणं शक्यच नव्हतं, त्यामुळे मला आपला मार्ग बरोबर वाटतो.

भारतीय नागरिकाला असा परदेशी सन्मान घेता येतो का?

परदेशाचा किताब घेता येत नाही, हे त्याच १८ व्या कलमात आहे. पण आपल्याकडे किताब आणि सन्मान यात फरक केला जातो. सरकारी पदावर असलेल्यांना मात्र परदेशी सरकारकडून कुठलीही भेट, मानधन किंवा पद घ्यायला राष्ट्रपतींची संमती लागते.

गोव्याच्या माणसाने या क्रॉसकडे कसं बघायचं? कौतुकाने की रागाने?

हा प्रश्न मला एका गोव्यातल्याच मुलाने विचारला होता आणि मी बराच वेळ गप्प बसलो होतो. माझं म्हणणं असं आहे की दिनिशने जे केलं त्याचं कौतुक करताना मला अडचण वाटत नाही, खोट्या आरोपात सापडलेल्या माणसांना त्याने आसरा दिला आणि देशाची जमीन देशात ठेवली. पण दोनशे वर्षांनी तोच क्रॉस घेऊन जे आले त्यांनी गोव्यात देवळं पाडली, तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आणलं, आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ते गेले नाहीत. एकाच चिन्हाच्या या दोन गोष्टी आहेत, आणि एक सांगताना दुसरी गाळू नये एवढंच मला कळकळीने वाटतं.

तोमारला जायचं असेल तर काय बघायचं?

किल्ल्यातला मठ. तो १९८३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आत टेम्पलरांचं गोल चर्च आहे, आणि बाहेर पश्चिमेच्या भिंतीवर ती प्रसिद्ध खिडकी, मानुएलच्या काळातली, १५१० च्या आसपासची. आधी सांता बार्बराच्या अंगणाकडून बघा. दगडात कोरलेले जाड दोरखंड, त्यांच्या गाठी, साखळी, पोवळं, समुद्री शेवाळ, आणि सगळ्यात खाली एक माणूस ज्याच्या पाठीवर झाडाची मुळं आहेत. वर तो क्रॉस. ज्या वर्षांत ती खिडकी घडत होती त्याच वर्षांत आल्बुकर्क मांडवीत शिरला होता, हे डोक्यात ठेवून बघितलं तर तिथून पाय हलत नाही.

दिनिशची समाधी मात्र तिथे नाही, ती लिस्बनजवळ ओदिव्हेलाशला, त्यानेच बांधलेल्या मठात आहे.

आणि इथेच, आपल्याकडे काही बघता येईल?

जुन्या गोव्यात जा. सेंट फ्रान्सिस असिसीच्या चर्चचा काळ्या दगडाचा दरवाजा बघा, चर्च १६६१ मध्ये नव्याने बांधलं पण आधीच्या चर्चचा दरवाजा तसाच ठेवला, तो त्याच मानुएल शैलीतला आहे. मग शेजारच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये वर जा, तिथे पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची चित्रं ओळीने लावलेली आहेत. लोक चेहरे आणि दाढ्या बघत पुढे जातात. तुम्ही छातीकडे बघा. क्रॉस खाली टोकदार, तलवारीसारखा असेल तर तो माणूस सांतियागोचा. चारही टोकं रुंद होत गेलेली आणि लाल रंगाच्या आत बारीक पांढरा क्रॉस असेल तर तो ऑर्डर ऑफ क्राइस्टचा.